बेचाळीस दिवसांची उधारी

आज आम्ही तुम्हाला मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचा इतिहास सांगणार आहोत. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात नसतं. गिरण्यांचा इतिहास सांगताना मालकांची नावं येतात, संपांची येतात, पुढाऱ्यांची येतात. पण दोन-अडीच लाख माणसं रोज दोन वेळा कुठे जेवत होती, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि गिरण्या बंद पडल्या, पगार थांबले, तेव्हा त्या माणसांना कोण जेवू घालत होतं, हे तर नाहीच.

आपल्या गटांच्या बैठकांत सारखा एकच विषय निघतो, म्हणून ही गोष्ट काढली. कारखान्याचं ऊसबिल अडकलं, पाऊस लांबला, गावातली कामं थांबली, की आपला पापडाचा, मसाल्याचा, डब्यांचा, शिवणाचा धंदा बसतो. बसतो म्हणजे गिऱ्हाईक येत नाही असं नाही. येतं, पण "वहीत मांडून ठेव" म्हणतं. मांडून ठेवावं तर आपलं भांडवल अडकतं, नाही म्हणावं तर गिऱ्हाईक आणि नातं दोन्ही जातं. खानावळवाल्यांनी हा पेच शंभर वर्षं सोसला. त्या कशा तरल्या आणि कुठे बुडाल्या, दोन्ही बघू.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढायला घेतली आणि १८५६ साली ती सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी, डिलाईल रोड हा सगळा भाग गिरण्यांनी भरून गेला. कामगार आले ते रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, कोल्हापूर, सांगली, पुणे, नगरकडून. आले ते बहुतेक एकटे. बायको, म्हातारे आईबाप, पोरं गावीच. एका खोलीत एकाच गावचे दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी राहायचे. पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि खुंटीवरचा सदरा एवढाच संसार. एकाची पाळी संपली की तो झोपायचा, दुसरा उठून कामाला जायचा. तिथे चूल कुठली मांडणार?

म्हणून खानावळ. चाळीतली एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, घरच्या चुलीवर, दहा-पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करायची. बहुतेक वेळा तिच्याच तालुक्यातली माणसं तिच्याकडे जेवायला असत. कोकणातल्या बाईकडे भात आणि माशाचं कालवण, घाटावरच्या बाईकडे भाकरी, आमटी, झुणका, रविवारी मटण. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. म्हणजे पहिल्या पाळीच्या डब्यासाठी पहाटे चारला उठायचं आणि दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री सुटून आला की त्याचं ताट वाढायचं. घरात नवरा असो, नसो, पोरं असोत. विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, नवरा गिरणीत असूनही पगार दारूत घालवणाऱ्यांच्या बायका होत्या. काही जणी आधी स्वतःच गिरणीत होत्या.

हा शेवटचा मुद्दा जरा थांबून ऐका. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत शंभरातल्या साधारण वीस कामगार बायका होत्या. सूत गुंडाळायच्या खात्यांत त्यांचं काम होतं. पुढे जगभर मोठी मंदी आली. मुंबईत १९३३-३४ च्या सुमाराला कित्येक गिरण्या बंद होत्या, चालू होत्या तिथे मजुरी कापली गेली. मालकांनी खर्च कमी करायला घेतला, नवी यंत्रं आणली, आणि कात्री चालली ती बायकांच्या खात्यांवर. बाळंतपणाच्या रजेचा पगार देण्याचा कायदा मुंबई प्रांतात १९२९ साली झाला होता, रातपाळीला बायका ठेवायला बंदी होती. बाईला ठेवणं महाग पडतं, हा हिशोब मालकांनी तेव्हाच मांडला. सत्तरच्या दशकापर्यंत गिरणीत बाई नावाला उरली. गिरणीतून बाहेर पडलेल्या बाईला चाळीत बसून करता येण्याजोगी कामं थोडीच होती, त्यात खानावळ मुख्य. म्हणजे मंदीत पुरुषाचा पगार कमी होत होता, त्याच मंदीत बाईचा पगार पुरा बंद होऊन तिच्या चुलीवर ताटं वाढत होती. खानावळ हा हौसेने काढलेला धंदा नव्हता.

आता त्या धंद्याची कळ कुठे होती ते सांगतो. गिरणीचा पगार महिन्याने व्हायचा. आणि महिना संपला की लगेच हातात पडत नसे, पुढचा पंधरवडा उलटून जायचा. १९३६ साली पगार वेळेवर देण्याचा कायदा झाला, तेव्हा कुठे तारखेची मर्यादा आली. नवीन माणूस मुंबईत उतरला, त्याला काम लागलं, तरी पहिला पैसा बघायला त्याला दीड महिना लागे. तोवर जेवण उधारीवर. म्हणजे खानावळवाली रोज रोख खर्चाचं अन्न शिजवत होती आणि पैसे महिन्या-दीड महिन्याने घेत होती. मंदी नसतानासुद्धा! उधारी ही त्या धंद्यातली अडचण नव्हती, धंदाच उधारीचा होता.

मग ती स्वतः कुठून आणायची? वाण्याकडून, तीही उधार. वाणी उधारीवर माल देताना भाव चढा लावायचा, वर धान्य हलकं द्यायचा. उधार घेणारी बाई तांदळातले खडे दाखवून भांडू शकत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. वाण्याने हात आखडला की सावकार. १९२०-२२ च्या सुमाराला सरकारने मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. त्यात जवळजवळ निम्मी कुटुंबं कर्जात निघाली आणि व्याजाचा नेहमीचा दर होता रुपयाला महिन्याला एक आणा. ऐकायला किती कमी वाटतं! एक आणा. पण रुपयाचे आणे सोळा आणि वर्षाचे महिने बारा. वर्षाला सोळातले बारा आणे व्याज, म्हणजे शेकडा ७५. आजही गावात "शेकडा पाच", "शेकडा दहा" असं म्हणतात आणि "महिन्याला" हा शब्द गिळून टाकतात. तो शब्द गिळू देऊ नका.

असा हा धंदा. एका बाजूला बिनव्याजी उधारी द्यायची, दुसऱ्या बाजूला शेकडा ७५ नी घ्यायची, मधलं अंतर आपल्या अंगमेहनतीनं भरून काढायचं. गिरणी चालू असेपर्यंत कसंबसं भरून निघायचं. बंद पडली की?

गिरणगावात गिरण्या बंद पडणं नवीन नव्हतं. १९२८ साली तर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, दीड लाख कामगारांचा संप चालला. असा संप वाण्याच्या आणि खानावळवालीच्या उधारीवर उभा असतो. कामगार दोन वाटा धरायचे. काही जण गावी निघून जात, शेतीची कामं बघत. बाकीचे मुंबईतच थांबत आणि त्याच खानावळीत जेवत. पैसे? संप मिटल्यावर.

बाहेरच्याला वाटतं, या बायकांनी दयेपोटी जेवू घातलं. माया होतीच. रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाला ताटावरून कोण उठवेल? पण आम्हाला वाटतं, नुसती माया म्हटलं की त्या बायकांची अक्कल झाकली जाते. त्यामागे धंद्याचा पक्का विचार होता. पगार थांबल्याबरोबर माणसाला बंद केलं, तर तो दुसरीकडे जेवायला जाणार आणि मागची उधारी बुडणार. सांभाळलं, तर पगार सुरू झाल्यावर पहिले पैसे तो सांभाळणारीला देणार. शिवाय तो तिच्याच भागातला. बुडवून जाणार कुठे? गावाकडे. आणि गावाकडे तिचाही चुलता, मामा, दीर असायचा. होळीला, गणपतीला माणूस गावी गेला की त्याच्या आधी त्याच्या उधारीची बातमी पोचलेली असायची. बँक घराचं, शेताचं तारण मागते. खानावळवालीचं तारण म्हणजे त्या माणसाचं गाव. लिहिता येत नसलेली बाई हिशोब डोक्यात ठेवायची, नाहीतर पोराच्या वहीत मांडून घ्यायची, पण कोण किती दिवस जेवला हे तिला कधी विचारावं लागत नसे.

साहजिकच ताटही बदलायचं. मटण गेलं, मासे आठवड्यातून एकदा, डाळ पातळ, भात जास्त. जेवणारा कुरकुरला तरी उठून जात नसे. पोट भरलं पाहिजे आणि ताट बंद पडता कामा नये, एवढं ती सांभाळायची.

आता १९७३-७४ सालात येऊ. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या सासूबाईंनी सोसलेला आहे, खडी फोडायला गेलेल्या बायका अजून सांगतात. गावात काम नाही, म्हणून मुंबईकडे माणसांचा लोंढा. त्यात जगभर तेल महागलं. रॉकेल मिळेना, गोडेतेल मिळेना, साखर मिळेना, धान्याचे भाव भडकलेले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणं घेऊन रस्त्यावर आल्या, तो हाच काळ. खानावळवालीचा विचार करा. तिच्या धंद्यातली प्रत्येक वस्तू महागली होती, आणि जेवणाचा दर वाढवावा तर समोरच्याचा पगार तेवढाच. अशात गिरणी कामगारांचा संप झाला. बेचाळीस दिवसांचा.

त्या बेचाळीस दिवसांत खानावळी चालू राहिल्या. त्यासाठी बायकांनी दागिने गहाण टाकले, मंगळसूत्रं गहाण टाकली, स्वयंपाकाची मोठी भांडीसुद्धा टाकली. संप मिटला. कामगारांना जे मिळायचं ते मिळालं. कामगार गिरणीत गेले आणि बायका सावकाराच्या दारात.

इथे एक हिशोब करून बघू. आकडे सोयीसाठी धरले आहेत, पण मांडणी त्या धंद्याचीच आहे. वही काढा. समजा एका बाईकडे वीस माणसं जेवतात, माणशी महिना ६० रुपये. बेचाळीस दिवसांचे माणशी ८४, म्हणजे एकूण उधारी १,६८० रुपये. यात तिची मेहनत, खोलीचं भाडं सोडून नुसता किराणा-इंधनाचा रोख खर्च समजा तीन हिस्से, म्हणजे १,२६०. एवढे तिने सावकाराकडून महिना शेकडा दहाने आणले. संप मिटल्यावर प्रत्येक माणूस चालू जेवणाचे पैसे देऊन वर उधारीचे महिन्याला १० रुपये फेडतो. वीस जणांचे २०० रुपये. भली माणसं आहेत, एकही बुडवत नाही. ते २०० ती दर महिन्याला सावकाराला देते. पहिल्याच महिन्यात व्याज १२६ रुपये. दोनशेतले सव्वाशे व्याजात गेले, मुद्दलात पाऊणशेही नाहीत. नवव्या महिन्यात सगळ्यांची सगळी उधारी पैशापैशाने फिटते. आणि सावकाराचं देणं? अजून पावणेचारशे रुपये शिल्लक!

एकानेही बुडवलं नाही, तरी बाई बुडाली. आपण धंदा बसला की गिऱ्हाइकाला दोष देतो, "उधारीने मारलं" म्हणतो. या हिशोबात उधारी पूर्ण वसूल झाली आहे. मारलं ते व्याजाने.

आता हेच १,२६० रुपये वर्षाला शेकडा चार व्याजाने मिळाले असते तर? महिन्याचं व्याज चार रुपये वीस पैसे. दोनशेच्या हप्त्याने सातव्या महिन्यात कर्ज फिटलं, सगळं मिळून व्याज वीस रुपयांच्या आत. पुढचे चारशे रुपये तिचे. तीच माणसं, तीच उधारी, तेच बेचाळीस दिवस. एकीच्या डोक्यावर पावणेचारशेचं कर्ज, दुसरीच्या हातात चारशे रुपये.

शेकडा चार हा आकडा आम्ही हवेतून घेतलेला नाही. १९ जुलै १९६९ ला सरकारने चौदा मोठ्या बँका ताब्यात घेतल्या, आणि १९७२ पासून अगदी गरिबांना वर्षाला चार टक्क्यांनी छोटी कर्जं द्यायची योजना सुरू झाली. योजना कागदावर होती. खानावळवाली बँकेच्या दारात मात्र गेली नव्हती. जाऊन काय दाखवणार? दुकान नाही, परवाना नाही, खोलीची पावती नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, सही येत नाही.

मधे पडल्या प्रेमाताई पुरव. मूळच्या गोव्याच्या. पोर्तुगीजांविरुद्धच्या लढ्यात कोवळ्या वयात उतरल्या, पायाला गोळी लागली. पुढे मुंबईत येऊन गिरणगावात कामगारांच्या चळवळीत काम करू लागल्या. संपाच्या काळात चाळीचाळींत फिरताना त्यांच्या लक्षात आलं की कामगारांच्या मागण्यांची यादी आहे, पण संप ज्यांच्या चुलीवर टिकला त्या बायकांची एकही मागणी कुठे लिहिलेली नाही. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी होते. बँकेत काय योजना आहे आणि कुठला कागद लागतो, हे घरातच कळत होतं. हे आम्ही मुद्दाम सांगतो. अशा गोष्टी नुसत्या जिद्दीने होत नाहीत, बँकेच्या आतलं कुणीतरी वाट दाखवणारंही लागतं. आपल्या गटांनाही एखादा चांगला बँक अधिकारी मिळाला की वर्षभराचं काम महिन्यात होतं आणि त्याची बदली झाली की पुन्हा चकरा. हा अनुभव तुमचा आमचा सारखाच असेल.

१९७५ साली चौदा खानावळवाल्यांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १,५०० रुपये कर्ज मिळालं. चौदा बँका सरकारी झाल्या होत्या आणि चौदा बायका पहिल्यांदा बँकेत गेल्या, हा नुसता योगायोग, पण लक्षात राहतो. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. तारण काय? एकमेकी. एका वस्तीतल्या बायकांचा गट करायचा आणि एकीसाठी बाकीच्यांनी जामीन राहायचं. आज बचत गटात आपण हेच करतो आणि आपल्याला ते जुनंच वाटतं. तेव्हा बँकेला ते नवीन होतं. बाईला मात्र नवीन नव्हतं. तिचं सगळं देणंघेणं आधीपासून ओळखीवरच चाललं होतं. फरक एवढाच की आतापर्यंत ती दुसऱ्याच्या ओळखीवर विश्वास ठेवत होती, आता तिच्या ओळखीवर कुणीतरी विश्वास ठेवत होतं.

दीड हजार रुपयांनी काय झालं? सावकाराचं देणं फेडता आलं, गहाण टाकलेली भांडी सोडवता आली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रोख खरेदी. रोख पैसे घेऊन गेलेली बाई दुकान बदलू शकते, तांदूळ हातात घेऊन बघू शकते, महिन्याचा माल एकदम घेऊन भाव पाडू शकते. तिने जेवणाचा दर वाढवला नाही, माणसं वाढवली नाहीत, तरी तिच्या हातात पैसे उरू लागले. आपल्याकडे धंदा वाढवायचा म्हटलं की पहिला विचार विक्रीचा होतो. स्टॉल लावू, पॅकिंग बदलू. त्या बायकांचा धंदा सुधारला तो खरेदीच्या बाजूने.

हप्ते फिटत गेले, पुढची कर्जं मिळत गेली, चौदाच्या शेकडो आणि पुढे हजारो झाल्या. मंडळात नुसतं कर्जच नव्हतं. मारणाऱ्या नवऱ्याचा विषय निघायचा, आजारपणाचा निघायचा. १,५०० रुपयांचा कागद बाईच्या नावाचा असल्याने घरात तिचा आवाज किती चढला, हे प्रत्येकीच्या घरावर अवलंबून. कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या खिशात, हे तेव्हाही घडत असणार, आजही घडतं.

इथवर ऐकून वाटेल, झालं, उत्तर मिळालं. पण पुढे १९८२ आहे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. खानावळवाल्यांनी पुन्हा चुली चालू ठेवल्या. त्यांना वाटलं, बेचाळीस दिवस, फार तर सहा महिने. गावोगावहून कामगारांसाठी धान्य गेलं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना पोती भरून पाठवलेली आठवतील. महिने गेले, वर्ष गेलं. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मालकांनी कापड भिवंडीच्या यंत्रमागांवरून आणायला सुरुवात केली, काही संपकरीही पोटासाठी त्याच मागांवर गेले. एक लाखाहून जास्त कामगारांना पुन्हा गिरणीचं दार दिसलं नाही.

खानावळवालीवर यात तिन्ही बाजूंनी आलं. जेवणारी माणसं गावी गेली ती परत आली नाहीत, आणि बेचाळीस दिवसांच्या हिशोबात धरलेलं "संप मिटल्यावर" आलंच नाही. ज्याच्या भरवशावर उधारी दिली ते गावाचं तारणही चालेना. गावातला माणूस बुडवत नव्हता, त्याच्याकडे खरंच नव्हतं. दुसरं, तिचा स्वतःचा नवरा, दीर, मुलगा गिरणीतलाच, तोही घरी. खानावळ जोडधंदा राहिली नाही, घरातली एकमेव कमाई झाली. आणि तिसरं, बँकेचा हप्ता. संप बँकेला माहीत नसतो.

म्हणून आम्ही म्हणतो की मंदी दोन तऱ्हांची असते. एक, जी संपते. तिच्यात टिकून राहायला स्वस्त भांडवल लागतं, धीर लागतो, जुनं गिऱ्हाईक सांभाळावं लागतं. दुसरी, जी संपत नाही, कारण गिऱ्हाईकच कायमचं गेलेलं असतं. तिच्यात जुनं गिऱ्हाईक सांभाळत बसणारी त्याच्याबरोबर बुडते. अडचण अशी की पहिल्या महिन्यात दोन्ही अगदी सारख्या दिसतात. १९८२ च्या फेब्रुवारीत गिरणगावात कुणालाच सांगता आलं नसतं की ही दुसरी आहे. पुढाऱ्यांना कळलं नाही, सरकारला कळलं नाही, बाईला कुठून कळणार?

तरी ज्या तरल्या त्यांनी काय केलं बघा. त्यांनी चूल तीच ठेवली आणि ताटासमोरचा माणूस बदलला. मुंबईत आता कचेऱ्यांत, बँकांत, मंत्रालयात काम करणारा वर्ग वाढत होता, त्यात नोकरी करणाऱ्या बायकाही होत्या. या बाईला संध्याकाळी सात वाजता लोकलमधून उतरल्यावर पोळ्या लाटायला वेळ नव्हता. गिरणी कामगाराला भाकरीबरोबर कालवण आणि उधारी लागत होती. या नव्या गिऱ्हाइकाला मऊ पोळी, स्वच्छ पिशवी आणि ठरलेली वेळ लागत होती, आणि ते रोख देत होतं. अन्नपूर्णा मंडळाने दादरला केंद्र काढलं. बायका एकत्र स्वयंपाक करू लागल्या, कचेऱ्यांना डबे, कॅन्टीन, समारंभाच्या ऑर्डरी घेऊ लागल्या. पुढे वाशीलाही काम गेलं, तिथे नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह झालं. आज मुंबईत गल्लोगल्ली "पोळीभाजी केंद्र" दिसतं. त्यातल्या पुष्कळांची मुळं शोधत गेलात तर गिरणगावातल्या अशाच एखाद्या चुलीपाशी पोचाल.

हे एका रात्रीत झालं नाही आणि सगळ्यांना जमलं नाही. घडीची पोळी करायला भाकरीवाल्या बाईला नव्याने शिकावं लागलं. एकत्र स्वयंपाक म्हटला की कुणाच्या हाताची चव घ्यायची यावरून वाद. आपल्या खोलीत आपण मालकीण, तिथे नेमून दिलेलं काम. कितीतरी खानावळी सरळ बंद पडल्या, त्यांची कुठे मोजदाद नाही. काही बायका दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाऊ लागल्या, काही गावी परतल्या. आज तुमच्या गावात सत्तरी-ऐंशीची एखादी आजी असेल, जिच्या हातची आमटी वीस माणसांना पुरेल अशीच होते, कमी करताच येत नाही तिला. विचारून बघा, ती कदाचित लालबागची असेल.

प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. त्यांची मुलगी मेधा पुरव सामंत यांनी १९९३ पासून पुण्यात वस्तीतल्या बायकांसाठी कर्जाचं आणि विम्याचं काम उभं केलं. विमा हा शब्द नीट ऐका. संप, आजारपण, नवऱ्याचं जाणं, अशा वेळी कर्जाचा हप्ता थांबत नाही, हे गिरणगावाने पाहिलेलं होतं. कर्जाबरोबर विमा यायला पाहिजे, हा विचार अशाच घरांच्या अनुभवातून येतो. आपल्या गटांत कर्ज वाटपाचा विषय दर महिन्याला असतो, विम्याचा वर्षातून एकदा, तोही कुणी गेल्यावर.

आणि लॉकडाऊन आठवतं ना? २०२० च्या मार्चमध्ये आपल्यालाही कळत नव्हतं की ही बेचाळीस दिवसांची गोष्ट आहे की न संपणारी. ज्या गटांचा माल शाळा, वसतिगृहं, यात्रा यांवर अवलंबून होता ते थांबून राहिले. ज्यांनी त्याच शिलाई मशीनवर मास्क शिवायला घेतले त्यांचे चार महिने निघाले. पण मास्कही कायमचे नव्हते. ज्यांनी पुढचे ढीग शिवून ठेवले, त्यांच्याकडे ते अजून पडून आहेत.

आता एक काम सांगतो. आपल्या भागातले कितीतरी आजोबा, चुलते, सासरे मुंबईला गिरणीत होते. त्यांना विचारा, कुठल्या खानावळीत जेवत होता, बाई कुठल्या गावची होती, महिन्याचे किती देत होता. आणि ८२ च्या संपात गावी परत आलात तेव्हा तिचे किती राहिले होते, ते दिले का. कुणाच्या घरी खानावळीची जुनी वही असेल तर तीही शोधा. गटाच्या पुढच्या बैठकीला येताना घेऊन या, आम्ही रेकॉर्डर घेऊन येतो.